वॉटसनचें हॉटेल : मुंबईंतील लोखंडी पानगृह

व्हिक्टोरिया राणीच्या काळांतील इंग्रजी पानगृहाची, म्हणजे पबची, रीत आपल्याकडे कशी आली हें पाहावयाचें तर मुंबईस काळा घोड्यानजीक वॉटसनच्या हॉटेलाच्या वास्तूपाशीं जावें. गुत्ता व पब एक नव्हेत. गुत्त्यांत मनुष्य पिऊन चालता होतो. पबांत तो बसतो, बोलतो. वॉटसनकडील मद्यशाळा या दुसऱ्या जातीची. पेले देणाऱ्या स्त्रियाही विलायतेहून आणलेल्या.

जॉन वॉटसन हा कापडाचा व्यापारी. कोटाचे तट पडून मैदानालगतची जागा मोकळी झाली, तेथें त्यानें १८६७ ते १८६९ या काळांत ही इमारत बांधविली. हॉटेल १८७१ सालीं उघडलें. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश याचा. लंडनच्या १८५१ च्या क्रिस्टल पॅलेसच्या कामांतही तो होता. बिडाचे खांब डर्बीच्या कारखान्यांत ओतले, जोत्याचा तांबडा दगड पेनरिथचा, फरशा मिंटनच्या. येथचें काय, असें कोणी विचारील तर जमीन आणि मजुरांचा घाम. खरें महत्त्व मात्र चौकटीचें आहे. भार भिंती वाहत नाहींत, लोखंड वाहतें. विटा केवळ गाळे भरण्यापुरत्या. शिकागोची होम इन्शुरन्स इमारत १८८५ ची, हें ध्यानांत घेतां या वास्तूची योग्यता कळेल.

७ जुलै १८९६ रोजीं ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें येथेंच एक रुपया दरानें दाखविलीं गेलीं. जमशेटजी टाटांस येथें प्रवेश नाकारला म्हणून १९०३ सालीं ताजमहाल हॉटेल उघडलें, ही कथा सर्वतोमुखीं आहे. परंतु समकालीन कागदाच्या आधारावांचून तीस इतिहासांत स्थान देणें आम्हांस मान्य नाहीं.

पुढें हॉटेल बंद पडलें, दालनांच्या खोल्या झाल्या, व नांवही एस्प्लनेड मॅन्शन पडलें. २००५ सालीं सज्जांचा भाग कोसळून जीवितहानि झाली. २००६ च्या जागतिक यादींत धोक्यांतील शंभर स्थळांमध्यें ही वास्तु गणली गेली. २०१९ सालीं रहिवासी बाहेर काढले व ती पाडावी असा तज्ज्ञांचा अहवालही आला. आम्ही दुरुस्तीच्या पक्षाचे आहोंत. जीर्ण पोथीची नक्कल करून ठेवतां येते. बिडाचा सांधा कसा बसविला होता हें तो सांधाच दाखवूं शकतो. म्हणून हातोडा लागण्यापूर्वीं प्रत्येक खांबाचें माप व छायाचित्र घेतलें जावें, एवढी तरी मागणी आम्ही येथें नोंदवितों.