न्यायासनाला लिहिलेले पत्र

कायद्याच्या अध्यापकाचे काम कोणते? वरिष्ठ न्यायालयांचे निकाल विद्यार्थ्यांना समजावून सांगणे, असे उत्तर आपण सहज देऊ. परंतु निकालच चुकला आहे असे त्याला वाटले, तर त्याने काय करावे? लोतिका सरकार यांच्या अध्यापकीय जीवनाने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे.

१९२३ साली जन्मलेल्या लोतिकाबाईंनी केंब्रिज येथे कायद्याची डॉक्टरेट मिळविली आणि पुढे दिल्ली विद्यापीठात त्या फौजदारी कायदा शिकवू लागल्या. कायदा विभागातील त्या पहिल्या स्त्री-अध्यापक होत. १९७१ साली नेमलेल्या, स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सरकारी समितीवरही त्यांनी काम केले.

आता तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजकडे वळू. १९७२ च्या मार्च महिन्यात तेथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, तेव्हा संमती होती, असा त्या निकालाचा आशय होता.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिकाबाई या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. त्यांचा मुद्दा साधा होता: भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्याच्या दारे लावलेल्या खोलीत, गरीब मुलीने कोणाला हाक मारावयाची?

पत्राने देशभर चळवळ उभी राहिली. पुनर्विचाराची मागणी मात्र फेटाळली गेली. ज्या मुलीसाठी लेखणी उचलली, तिच्या पदरी काहीच पडले नाही. परंतु १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीशी संबंध आल्याचे सिद्ध झाले व आपली संमती नव्हती असे तिने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावयाचे, असे ठरले.

लोतिकाबाई २०१३ साली निवर्तल्या. न्यायालयाचा मान राखूनही त्याला त्याची चूक सांगता येते. किंबहुना ती सांगणे हाच खरा मान होय, हा त्यांचा धडा वर्गाच्या चार भिंतींपुरता नाही, आपणा नागरिकांसाठीही आहे.