वरसईचे कागद आणि आपल्या माळ्यावरची बाडं



दिंडीच्या शंभर वर्षांचा इतिहास लिहायला बसलो आणि अडलो. आठवणी उदंड, कागद थोडे. तेव्हा आपल्या पेण तालुक्यातलं वरसई आठवलं.

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले अन् बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी डोळ्यांनी पाहिला. पुढे सगळं लिहून काढलं. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ते ‘माझा प्रवास’ म्हणून छापलं, पण मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखित मात्र पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपलं गेलं. त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली भटजींचे मूळ शब्द लोकांपुढे आणले.

हे मंडळ १९१० साली मेहेंदळ्यांसह स्थापणारे इतिहासाचार्य राजवाडे हेही वरसईचेच. गावोगाव फिरून त्यांनी जुनी दप्तरं मिळवली. ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी शोधून १९०९ साली छापली. मंडळात आज मोडी कागद, पोथ्या, ताम्रपट, नाणी, चित्रं एकत्र नांदतात. ती आली कुठून? अशीच घराघरांतून.

म्हणून विनंती. छापील भजनाचं पुस्तक मिळतं म्हणून आजोबांची अभंगांची वही नदीत सोडू नका. तिच्या समासात मुक्काम, शिधा, विणेकऱ्याचं नाव असेल. ते दुसऱ्या कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही.