हिणाची किंमत

हीण वाईट, हे आपल्याला सराफाच्या पेढीवर कोणी शिकवावे लागत नाही. परंतु सिलिकॉनचा इतिहास वाचताना आम्हांला उलटाच धडा मिळाला.

१९४० साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रसेल ओल यांच्या हाती सिलिकॉनचा एक तडकलेला तुकडा आला. उजेड पडताच त्यात विद्युत्‌दाब उत्पन्न होई. तुकड्याचे दोन भाग दोन विद्युत्‌गुणांचे निघाले. असे का? उत्तर मिळाले ते नाकाने. सिलिकॉन वितळविणारे धातुतज्ज्ञ जॅक स्कॅफ व हेन्री थ्युरर यांना एका जातीच्या मालाला कार्बाइडच्या गॅससारखा वास जाणवला. वेल्डिंगखात्यातल्या कामगाराला तो वास सांगायला नको! ती फॉस्फरसची खूण होती. म्हणजे गुण होता तो हिणाचा.

पुढे १९४७ साली ट्रान्झिस्टर निघाला. गॉर्डन टील यांनी एकसंध स्फटिकाचा आग्रह धरला. वरिष्ठांना तो अनावश्यक वाटला. तेव्हा कामाचे तास संपल्यावर खपून त्यांनी प्रथम जर्मेनियमचे व नंतर सिलिकॉनचे स्फटिक वाढविले. सुमारे १४१४ अंश सेल्सिअसला वितळलेल्या सिलिकॉनला स्फटिकाचे बीज टेकवायचे आणि ते फिरवीत सावकाश वर ओढायचे. फॉस्फरस, आर्सेनिक, अँटिमनी यांपैकी जे हीण हवे ते रसातच घालावयाचे. पण घडणारा स्फटिक बरेचसे हीण मागे सारतो. उरलेला रस अधिकाधिक हिणकस होतो आणि शेपटाकडे हिणाचे प्रमाण वाढते. म्हणून टोकापासून शेपटापर्यंत त्याचा कस पाहावा लागतो. चार सुया ओळीने टेकवून बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडतात, आतल्या दोहोंमधला दाब मोजतात. त्यावरून रोध कळतो.

हीण किती? कित्येक कामांना पाच कोटी अणूंत एक पुरे. भारी हिणाच्या स्फटिकात पाच हजारांत एक, कधी त्याहूनही जास्त. असा स्फटिक वीज सहज वाहतो, पण मोठा दाब सोसत नाही. हलक्या हिणाचा दाब सोसतो, पण जाड चकतीत वीज अडवितो. १९६० साली बेलमध्येच तोड निघाली : खाली भारी हिणाची चकती, वर हलक्या हिणाचा पातळ थर. हे करणाऱ्यांत वास ओळखणारे थ्युरर होतेच!

ट्रान्झिस्टरचे नोबेल पारितोषिक १९५६ साली तिघा पदार्थवैज्ञानिकांना मिळाले. त्यांचा मान त्यांना आहेच. पण भट्टीपाशी उभे राहून वास ओळखणारे आणि रात्री स्फटिक ओढणारे यांची नावे इतिहासात हीण म्हणून गाळली जाऊ नयेत, एवढेच आमचे मागणे आहे.