नकाशावर नसलेली राज्ये, हिशेबात बसणाऱ्या फौजा

#थ्रेड

१/ १९७१ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स ग्रँट यांचे ‘द वॉर गेम’ हे पुस्तक आले. अठराव्या शतकातील युद्धे टेबलावर, छोट्या सैनिकांनिशी कशी लढावीत, हा त्याचा विषय. त्यात ‘ग्रँड डची ऑफ लोरेन’ आणि ‘संयुक्त मुक्त नगरे’ या दोन सत्ता परस्परांविरुद्ध उभ्या ठाकतात. पहिलीला नाव तेवढे खऱ्या प्रदेशाचे आहे. दुसरी तर निव्वळ कल्पित.

२/ या छंदात अशा राज्यांना ‘इमॅजि-नेशन्स’ म्हणतात : कल्पना आणि राष्ट्र या दोन इंग्रजी शब्दांची कोटी. खऱ्या लढायांनी भरलेला युरोपचा इतिहास हाताशी असताना मुळात नवे राज्य घडवण्याची गरजच का पडावी?

३/ आरंभी पक्षांना नावेच नव्हती. १८२४ मध्ये राइसव्हिट्झ या प्रशियन अधिकाऱ्याने लष्करी शिक्षणासाठी ‘क्रीगश्पील’ची नियमावली सिद्ध केली. त्यात नकाशावर सरकणाऱ्या सोंगट्या केवळ तांबड्या आणि निळ्या होत्या. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ लिहिले, तेव्हाही सामना तांबड्या-निळ्यांचाच होता.

४/ वेल्स यांचा हेतू युद्धाचा गौरव करण्याचा नव्हता. ज्यांना लढण्याची हौस आहे त्यांनी ती खेळण्यांवर भागवावी, असा त्यांचा उपहासगर्भ आग्रह होता. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

५/ १९६७ मध्ये पीटर यंग आणि जेम्स लॉफर्ड यांचे ‘चार्ज!’ प्रसिद्ध झाले. दुसऱ्या महायुद्धात कमांडो म्हणून यंग दिएप आणि नॉर्मंडी येथे लढले होते. पुढे सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत त्यांनी युद्धेतिहास शिकवला. प्रत्यक्ष रणांगण पाहिलेल्या या माणसाच्या पुस्तकातील ‘ब्लास्टहोफ पूल’ मात्र कोणत्याही नकाशावर सापडत नाही.

६/ याचे एक कारण उघड आहे. खऱ्या लढाईचा निकाल आधीच ठाऊक असतो. नेपोलियनने वॉटर्लूवर काय चूक केली हे जाणणारा खेळाडू ती चूक पुन्हा करत नाही. मग कसोटी निर्णयशक्तीची न राहता पाठांतराची होते. कल्पित राज्याच्या सेनापतीला मात्र खऱ्या सेनापतीप्रमाणे अंधारातच पाऊल टाकावे लागते.

७/ दुसरे कारण भूगोलाचे. १६४८ च्या वेस्टफालिया तहानंतर पवित्र रोमन साम्राज्यात सुमारे ३०० लहानमोठ्या सत्ता नांदत होत्या : डची, बिशपांची राज्ये, मुक्त नगरे. १८०६ मध्ये साम्राज्य विसर्जित होईपर्यंत ही गर्दी कमी-अधिक प्रमाणात टिकून होती. या गर्दीत आणखी एक ड्यूक सहज खपून जातो.

८/ वास्तव तर कल्पनेहून विलक्षण होते. चिमुकल्या शाउम्बुर्ग-लिपेचा काउंट विल्हेल्म याने १७६० च्या दशकात सरोवरात कृत्रिम बेट रचून त्यावर ‘विल्हेल्मश्टाइन’ हा किल्ला बांधला. तेथील लष्करी शाळेत शिकलेला शार्नहॉर्स्ट पुढे प्रशियाच्या सैन्यसुधारणांचा शिल्पकार ठरला. एखाद्या खेळाडूने हे राज्य स्वतः रचले असते, तर ‘अतिशयोक्ती झाली’ असा शेरा मिळाला असता!

९/ पण राज्य कल्पित असले, तरी हिशेब कल्पित असून चालत नाही. १७४० मध्ये प्रशियाची लोकसंख्या सुमारे २२ लाख आणि सैन्य सुमारे ८०,००० होते. म्हणजे दर शंभर माणसांमागे साडेतीनहून अधिक सैनिक. त्या काळच्या मानाने हा भार असाधारण होता. समजा, आपल्या कल्पित डचीत एक लाख प्रजा आहे. प्रशियाइतकी पिळवणूक करूनही तिची फौज ३,६०० च्या आसपासच थांबते.

१०/ आता ड्यूकला अधिक फौज हवी असेल, तर पैसा आणायचा कुठून? हेसे-कासेलच्या शासकाने १७७६ मध्ये एक वाट निवडली : ब्रिटनशी करार करून आपले सैनिक अमेरिकेतील युद्धासाठी मोबदल्यावर दिले. त्या युद्धात ब्रिटनच्या बाजूने सुमारे ३०,००० जर्मन सैनिक गेले. त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या हेसे-कासेलचे होते. अनेक जण परतलेच नाहीत.

११/ खेळाडूच्या ड्यूकपुढेही हेच पर्याय उरतात : कर वाढवा, बलाढ्य शेजाऱ्याचे मांडलिकत्व पत्करा किंवा प्रजेचे मुलगे भाड्याने द्या. गणवेशाचा रंगही निव्वळ आवडीने ठरत नाही. ऑस्ट्रियाचे पायदळ पांढऱ्या कोटात, प्रशियाचे निळ्या, ब्रिटनचे तांबड्या. लहान राज्याच्या कोटावरून त्याचा आश्रयदाता कोण, हे पुष्कळदा ओळखता येते.

१२/ म्हणून कल्पित राज्य रचणे म्हणजे इतिहासापासून पळ काढणे, असे मला वाटत नाही. घटना बदलता येतात. लोकसंख्या, महसूल, शेजारी आणि अंतर यांची बंधने मात्र तशीच राहतात. लढाईच्या वर्णनात बहुधा झाकली जाणारी ही बाजू राज्य रचताना पहिल्याच दिवशी समोर येते.

१३/ वाचकहो, पुढच्या वेळी एखाद्या लढाईची हकिकत वाचाल तेव्हा तीन प्रश्न जरूर विचारा. ही माणसे कोणत्या गावांतून आली? त्यांचा पगार कोणी दिला? आणि ती परतली नाहीत तेव्हा शेत कोणी कसले? कल्पित डचीच्या ड्यूकलाही या तिन्हींची उत्तरे द्यावी लागतात. मग खऱ्या राजांना त्यातून सूट का असावी?

(समाप्त)