मुंबई ते जेद्दाह : अंतर किती, वेळ किती?

उमराहचे तिकीट हातात आले की घरात पहिला प्रश्न असतो, "विमानाला किती तास लागतात?" उत्तर सोपे आहे, पण तिकिटावरच्या वेळा वाचताना भल्याभल्यांचा गोंधळ होतो. म्हणून हा हिशेब आपण नीट समजून घेऊ.

अंतर : मुंबई ते जेद्दाह हवाई अंतर सरळ रेषेत सुमारे 3,500 किलोमीटर आहे. मुंबई ते मदीना जवळपास तेवढेच, म्हणजे सुमारे 3,470 किलोमीटर.

वेळ : थेट विमानाला जाताना साधारण साडेपाच तास लागतात, येताना पाचच्या आसपास. उंचावरचे वारे बहुतेक काळ पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना मागून ढकलतात. मधे दुबई किंवा मस्कतला विमान बदलायचे असेल तर प्रवास आठ तासांच्या पुढे जातो. एकेकाळी मुंबईहून हाजी जहाजाने जात, तेव्हा आठवड्याहून जास्त दिवस लागत. 1995 साली ती जहाजे बंद झाली.

घड्याळ : सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या शहराची असते. सकाळी 10 ला निघून दुपारी 1 ला पोहोचणार असे दिसले, तर प्रवास तीन तासांचा नाही, साडेपाच तासांचा आहे. परतताना रात्री 10 ला निघालेले विमान पहाटे साडेपाचला मुंबईत येते. दिसतात साडेसात तास, पण बसावे लागते पाचच तास. आणखी एक, तिकिटावर 15 तारीख, 00:40 असेल तर 14 तारखेच्या रात्रीच विमानतळावर हजर राहायचे.

एहराम : थेट उमराहला जाणाऱ्यांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचे. जेद्दाहला उतरण्यापूर्वीच विमान मीकात ओलांडते. साधारण अर्धा-पाऊण तास आधी विमानात तशी घोषणा होते, पण डोळा लागला तर ती ऐकू येत नाही. त्यामुळे एहरामचे कपडे घरी किंवा मुंबई विमानतळावरच घालावेत आणि मीकात येण्याआधी नियत करावी. एहराम मोठ्या बॅगेत टाकू नये, ती बॅग विमानात हाती लागत नाही. आधी मदीनेला जाणारे मात्र मदीनेहून मक्केला निघताना एहराम बांधतात.

रोजा : रमजानमध्ये दिवसा पश्चिमेकडे जाताना सूर्य उशिरा मावळतो. जेद्दाहला पोहोचेपर्यंत रोजा सुमारे सव्वादोन तासांनी लांबतो. मुसाफिराला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगावे.

घर ते मक्का : रत्नागिरीच्या कुटुंबाचा हिशेब पाहू. मुंबईपर्यंत आठ तास, विमानतळावर चार तास आधी, विमान साडेपाच तास, उतरल्यावर तपासणी आणि सामानाला दोन तास, पुढे मक्केपर्यंत रस्त्याने दीड तास. एकूण एकवीस तास! त्यात विमानाचा वाटा जेमतेम चौथा हिस्सा.

म्हणून दादी-नानी सोबत असतील तर साडेपाच तासांची नव्हे, पूर्ण एका दिवसाची तयारी ठेवा. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत असू द्या. घड्याळ बदलल्यावर गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचे, हे निघण्याआधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

अल्लाह सर्वांचा सफर आसान करो. आमीन.