सुट्टीत कुठे जायचं?

मे महिन्यात जोडून सुट्टी आली आणि आमच्या घरी वाद सुरू झाला. सौ.ला लेक डिस्ट्रिक्ट हवं, मला पीक डिस्ट्रिक्ट.

"तिथे आहे काय? नुसती माळरानं!"

खरंय. किंडर स्काउट म्हणजे ६३६ मीटर उंचीचं दलदलीचं पठार. आपल्या राजगडापुढे किरकोळच! पण १९३२ साली त्यावर पाय ठेवायला बंदी होती. उमरावांच्या शिकारीसाठी राखलेली खासगी जमीन, वर रखवालदार. २४ एप्रिलला मँचेस्टर-शेफील्डकडचे सुमारे ४०० जण, बहुतेक तरुण कामगार, मुद्दाम बंदी मोडून चढले. झटापट झाली, पाच जण तुरुंगात गेले. म्होरक्या बेनी रॉथमन अवघा २० वर्षांचा. त्याला चार महिने.

पुढे १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला आणि १९५१ मध्ये ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं ते पीक डिस्ट्रिक्टच. माळरानावर मोकळं हिंडायचा हक्क मात्र २००० च्या कायद्यानेच मिळाला.

सह्याद्रीत भटकताना "ही वाट कोणाच्या मालकीची?" असा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. इथे त्यासाठी लोक तुरुंगात गेले.

सौ.ने सगळं ऐकून घेतलं. "बरं, जाऊ. पण डबा तू करायचास."

मंडळी, पोळ्या अजून गोल होत नाहीत!