कौटुंबिक हिंसा आणि आरोग्यकेंद्र

पती किंवा जोडीदाराकडून छळ सोसणाऱ्या स्त्रीला उपचारांबरोबर आधार मिळवून देणारी दवाखान्यातील व्यवस्था. भारतात तिचा पाया मुंबईत घातला गेला. महानगरपालिका आणि ‘सेहत’ संस्था यांनी वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात 2000 साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. तेथे रुग्णालयातीलच डॉक्टर, परिचारिका यांना प्रशिक्षण देण्यात आले. पुढे हा नमुना पालिकेच्या इतर रुग्णालयांत गेला.

छळ सोसणारी स्त्री पोलीस ठाण्याच्या कितीतरी आधी दवाखान्याची पायरी चढते. केसपेपरवर मात्र ‘घसरून पडली’ एवढेच उमटते. सांगितलेल्या कारणाशी न जुळणाऱ्या जखमा, वारंवार गर्भपात, औषधाला दाद न देणारी अंगदुखी, कीटकनाशक प्राशन ही लक्षणे दिसल्यास डॉक्टरांनी विचारणे आवश्यक असते, तेही नवरा व सासू बाहेर असताना. तिचे ऐकून घेणे, दोष तिच्या माथी न मारणे, आज घरी परतणे सुरक्षित आहे का हे तपासणे, हे समुपदेशनाचे मुख्य काम. ‘जरा सांभाळून घ्या’ असा सल्ला देऊन समेट घडवणे हे दवाखान्याचे काम नव्हे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 (अंमल 26 ऑक्टोबर 2006 पासून) वैद्यकीय सुविधांवर जबाबदारी टाकतो. हिंसेची नोंद करणारा ‘कौटुंबिक घटना अहवाल’ नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. तो नसल्यास सुविधेच्या प्रमुखाने भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. तपासणी अहवालाची प्रत स्त्रीला विनामूल्य मिळते. कोणी, कशाने, कोठे मारले हे तिच्या शब्दांत लिहिलेली नोंद पुढे न्यायालयात उपयोगी पडते.

शाहूवाडी तालुक्यातील मलकापूरसारख्या लहान गावात खरी अडचण गुप्ततेची. रांगेत नात्यातले कोणी ना कोणी असतेच. त्यामुळे गरोदरपणाची तपासणी किंवा लसीकरण हेच एकांतात बोलण्याचे निमित्त ठरते. आशा कार्यकर्ती घराघरांत पोहोचते, पण ती त्याच गावची. गोष्ट फुटली तर छळ वाढतो. म्हणून केसपेपर सासरच्यांच्या हाती जाऊ न देणे, पाठपुराव्याचा फोन कोणत्या क्रमांकावर करावा हे तिलाच विचारणे, या बारीक गोष्टी येथे निर्णायक असतात. पुढील मदतीसाठी संरक्षण अधिकारी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि ‘सखी’ वन स्टॉप सेंटर या यंत्रणा असून महिला मदतवाहिनीचा क्रमांक 181 आहे.